बारा ठशांची अदलाबदल

गेल्या महिन्यात माझ्या सुनेनं घरचा कॉम्प्युटर बदलला आणि आमच्या घरात दहा दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. जुना एका जातीचा होता, नवा भलत्याच जातीचा. बंद करायची खूण उजवीकडची डावीकडं गेली आणि मराठी अक्षरं कळफलकावर दुसऱ्याच घरात राहायला गेली. सून कॉलेजात शिकवते, पण दहा दिवस ती चष्मा नाकावर ओढून एकेक कळ शोधत होती. "आधीचाच बरा होता," असं दिवसातून चारदा म्हणायची. मी पेपराआडून सगळं बघत होतो. तिला काय होतंय हे घरात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, कारण लोकांच्या घरची मशिनं बदलून देण्यावरच एके काळी माझं पोट होतं.

मी टाइपरायटरचा मिस्त्री. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर माझं हातभर दुकान होतं. दर मंगळवारी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून मी अकोल्याला जायचो आणि तिथल्या वकिलांची, अडत्यांची, शाळांची मशिनं बघून यायचो. आमच्या घरी सगळे भाजीपाला पिकवणारे, मीच एकटा लोखंडात रमलो. स्वभावानं मी पहिल्यापासून भित्रा. मशीन दुरुस्त करून दिलं की ते पुन्हा बिघडेल आणि गिऱ्हाईक चारचौघांत माझं नाव घेईल, या धास्तीत माझा आठवडा जायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर दुकान उघडायलाच नको वाटे. वकील मंडळी आदल्या दिवशी मशिनची यथासांग पूजा करत. हळद, कुंकू, अक्षता, आपट्याची पानं, सगळं सरळ मशिनच्या पोटात. मग कागद सरकवणारं कॅरेज अडकलं की मशीन रिक्षात घालून माझ्याकडं. चिमट्यानं एकेक तांदूळ काढताना मी मनात देवीची क्षमा मागत असे.

साठ साली राज्य मराठी झालं आणि कारभारही मराठीत होणार अशी बोलणी सुरू झाली. तोवर घराघरांतली मशिनं इंग्रजी. नवं मराठी मशीन परवडत नसे, आणि परवडलं तरी नंबर लागायला वर्ष जाई. म्हणून लोक जुनंच मशीन मराठी करून मागायला लागले. हे काम कसं असतं ते सांगतो. टाइपरायटरची कळ दाबली की आतून एक बारीक दांडी उसळून कागदावर आपटते. तिच्या टोकाला अक्षराचा ठसा कथलाचा डाग देऊन बसवलेला असतो. एका ठशावर दोन अक्षरं, एक खालचं आणि एक वरचं. इंग्रजी ठसा तापवून काढायचा, दांडी घासून साफ करायची, मराठी ठसा बसवायचा, पुन्हा डाग द्यायचा. इंग्रजीत एखादं अक्षर केसभर वर-खाली झालं तर खपून जातं. मराठीत डोक्यावरची रेघ तुटते आणि आंधळ्यालाही दिसते. काना-मात्रांची आणखी गंमत, काही मात्रा उमटल्या पाहिजेत पण कॅरेज पुढं सरकता कामा नये. हे सगळं जुळवायला मला आठ-दहा दिवस लागत.

अकोल्याच्या एका कापसाच्या शेठजींनी सगळं ऐकून घेऊन मला विचारलं होतं, "म्हंजे माहा मुनीम इंग्रजीच ठोकन अन् कागदावर मराठी निंगन, असंच ना?" मशीन अक्षरं बदलतं, भाषा बदलत नाही, असं सांगितल्यावर ते माझ्याकडं फसवलं गेल्यासारखे बघत राहिले.

आता माझ्या शहाणपणाकडं येतो. ठशांच्या डब्यात एक तक्ता यायचा. कोणतं अक्षर कोणत्या दांडीवर बसवायचं ते त्यात छापलेलं असे. पण माझ्याकडं येणारी मशिनं पंधरा-पंधरा वर्षं इंग्रजी ठोकून दमलेली. इंग्रजीत ई, आर, ओ ही अक्षरं सारखी लागतात, त्यामुळं त्यांच्या दांड्या झिजून सैल झालेल्या. आणि तक्त्याप्रमाणं नेमके म, त, व असले मराठीतले रोजचे लोक त्याच दांड्यांवर बसायचे. उलट कोपऱ्यातल्या दांड्या कोऱ्या करकरीत, कारण इंग्रजीत त्यांना फारसं कुणी विचारत नाही. मी म्हटलं, हा तक्ता करणाऱ्याला लोखंडातलं काही कळत नाही. मी सहा जोड्यांची अदलाबदल केली. रोजची सहा अक्षरं कोपऱ्यातल्या मजबूत दांड्यांवर आणि कोपऱ्यातली क्वचित लागणारी सहा सैल दांड्यांवर. म्हणजे बारा ठसे हलवले. कळांवरच्या चकत्यांवर अक्षरंही त्याप्रमाणं लिहिली. मशीन दहा वर्षं जास्त चालणार होतं आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो. गिऱ्हाइकांना हे मी सांगितलं नाही. मराठी मशीन असंच असतं असं ते समजले, कारण दुसरं मराठी मशीन त्यांनी पाहिलंच नव्हतं. मी लोखंडाचा विचार केला होता. त्यावर चालणाऱ्या बोटांचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

वत्सलाचं मशीन त्यातलंच. वत्सला म्हणजे कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या किसनभाऊंची मुलगी. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन किसनभाऊ परतले ते पोरीला मॅट्रिक करायचंच असं ठरवून, आणि त्यांनी ते केलं. एक वकील गाव सोडून जाताना आपलं जुनं मशीन यांना देऊन गेले होते. ते मी मराठी करून दिलं. बाजारातलं एक जुनं पुस्तक वाचून ती कळांकडं न बघता टाइप करायला शिकली. पुस्तक इंग्रजी मशीनचं होतं. त्यातून तिनं बोटं कशी ठेवायची तेवढं उचललं आणि अक्षरं माझ्या मशीनवरून पाठ केली. रोजची अक्षरं मी कोपऱ्यात टाकलेली, त्यामुळं सगळा भार करंगळीवर. ती करंगळी अशी तयार झाली की मी तोंडात बोट घालायचो. ओसरीवर बसून ती लोकांचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची. तिच्याइतकी वेगवान मराठी टंकलेखक साऱ्या अमरावतीत नसेल, आणि मी ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो.

एक दिवस ती दुकानात आली ती घामाघूम होऊन. सरकारी टंकलेखकांच्या जागा निघाल्या होत्या. परीक्षा सहा आठवड्यांवर, अमरावतीतच, पण परीक्षा हॉलमधल्या मशीनवर द्यायची होती. अंदाज घ्यायला ती एका टायपिंग क्लासमध्ये जाऊन आली होती.

"भाऊ, तिथल्या मशीनवर मले एक ओळ सरळ टाइप करता आली नाई," ती म्हणाली. "अक्षरं तिसरीकडंच पडून राहिली. हे असं काहून?"

टायपिंग क्लासची वर्षाची कामं मला मिळायची होती. मिस्त्रीनं तक्ता धाब्यावर बसवला हे बाहेर फुटलं तर ती कामं गेलीच असती. पुढचं वाक्य मी इतक्या सहज बोललो की मला आजही त्याची लाज वाटते.

"सरकारनं कळफलक बदलला," मी म्हटलं. "सगळंच नवं आलं. आता पहिल्यापासून शिकावं लागते."

तेव्हा कळफलक ठरवण्याची चर्चा वर्तमानपत्रांत चालू होती, म्हणून माझं खोटं खऱ्यासारखं दिसलं. तिनं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "पुढच्या साली माहं वय बसत नाई भाऊ. हाच एक चान्स हाये. माहं मशीन तुमी नव्यासारखं करून द्या."

मी चार दिवसांत तिचे बारा ठसे काढून तक्त्याप्रमाणं बसवून दिले. मोबदला घेतला नाही, त्यावर ती मला देवमाणूस म्हणाली. बारा ठशांना एक दिवस पुरला असता, पण सगळंच बदललंय असं तिला वाटावं म्हणून मी सगळं मशीन उघडून तेलपाणी करण्यात बाकीचे दिवस घालवले होते. चकत्या कोऱ्या ठेवल्या, कारण न बघताच टाइप करायचं होतं. म्हणजे जुनी मांडणी आता तिच्या मशीनवर कुठंच उरली नव्हती. ती फक्त तिच्या बोटांत होती आणि माझ्या डोक्यात.

मला वाटलं, पोरगी हुशार आहे, पंधरा दिवसांत हात बसेल आणि सगळं निभावून जाईल. पण त्या दिवसापासून माझं चित्त काही ठिकाणावर राहिलं नाही. रोज दुकानात जाताना किसनभाऊंच्या फाटकातून सराव कसा चाललाय असं विचारायचो आणि न थांबता पुढं जायचो. अकोल्याला गेलो तरी तिथं काम करताना कान अमरावतीकडं. दुसऱ्याच्या मशीनचा स्क्रू पिळताना हातून पडायचा. बायको विचारायची, जेवणात मीठ कमी आहे का. मी म्हणायचो, नाही, बरोबर आहे. खरं म्हणजे मला चवच कळत नव्हती.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना किसनभाऊ दुकानात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"भाऊ, तुमी एकडाव घरी या," ते म्हणाले. "पोट्टी आपल्याच बोटाईले पट्टी मारून राहिली. मी काई बोललो तर रडते. तुमचं ऐकन."

भर दुपारी मी त्यांच्यामागोमाग गेलो. वत्सला ओसरीवर मशीनपुढं बसली होती. उजव्या करंगळीला चिंधी बांधलेली. बाजूला लाकडी पट्टी. मी दारातच थांबलो आणि आवाज ऐकला. मिस्त्रीला मशीनचा आवाज वैद्याला नाडी कळावी तसा कळतो. पूर्वी तिचं टायपिंग एका लयीत धावायचं. आता प्रत्येक अक्षरापूर्वी खंड पडत होता. नुसत्या बारा कळांवर नाही, ज्या कळांना मी कधी हातही लावला नव्हता तिथंही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय करून ठेवलं ते. सगळं बदललंय असं मी सांगितल्यामुळं तिचा एकाही बोटावर विश्वास उरला नव्हता. जे बोट बरोबर जागी जात होतं त्यालाही ती अडवत होती, आणि अक्षर नेमकं उमटलं तरी ते चुकून लागलं असंच धरत होती.

"करंगळी ऐकतच नाई," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "म आला का धावते कोपऱ्यात. माहीच बोटं नादान हायेत भाऊ. बाकीच्या पोरी शिकल्याच असतील ना?"

मी ओसरीच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. झिजलेल्या दांड्या, कोऱ्या दांड्या, तक्ता, माझं शहाणपण, आणि नंतरचं खोटं. किसनभाऊ दारात उभे होते. त्यांना सगळं कळलं नसावं, पण माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं, कारण ते आत निघून गेले.

वत्सलानं चिंधीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"म्हंजे सगळं नाई बदललं?"

"नाई. सहा जोड्या. बारा कळा. बाकी सारं जिथल्या तिथं हाये."

"कोण्या बारा?"

मी एकेक सांगत गेलो, तिनं पेन्सिलीनं लिहून घेतलं. पुन्हा पहिल्यापासून विचारून ताडून पाहिलं. मग कागद मशीनच्या कॅरेजवर टेकवून उभा केला.

"भाऊ, मशिनीचं मले काई वाटत नाई," ती म्हणाली. "मानसाच्या हातून चूक होते. पण मी महिनाभर माह्या बोटाईले मारलं. खरं काय ते तुमाले ठाऊक होतं, तरी तुमी रोज इचारत होते का सराव कसा चाल्लाय. आता तुमी जा. मले काम करू द्या."

मी उठलो. फाटकापाशी पोचेपर्यंत मागून आवाज आला. खंड अजून होते, पण आता ठरावीक अक्षरांपाशीच. मधली अक्षरं धावत होती. महिन्याभरापूर्वी हे चार शब्द बोललो असतो तर तिचं काम आठ दिवसांत झालं असतं. माझ्या भीतीनं तिचा महिना खाल्ला होता आणि आता तिच्यापाशी जेमतेम आठच दिवस होते.

परीक्षेच्या दिवशी मी हॉलमध्येच होतो. मशीन मध्येच अडलं तर दुरुस्तीला एक मिस्त्री हजर ठेवत, त्या वेळी ते काम माझ्याकडं होतं. पाना, चिमटा, तेलाची बुदली असलेली पिशवी धरून मी खिडकीपाशी उभा. चाळीसेक मशिनं ओळीनं मांडलेली. मी पहाटेच येऊन प्रत्येक मशीनची कळ न् कळ दाबून बघितली होती. वत्सला दुसऱ्या ओळीत बसली. तिनं मला पाहिलं, ओळख दाखवली नाही. करंगळीची चिंधी नव्हती.

घंटा झाली आणि सगळी मशिनं एकदम सुरू झाली. एवढ्या आवाजात एकटीचा आवाज ओळखणं माझ्याच्यानंही शक्य नव्हतं, म्हणून मी तिच्या खांद्यांकडं बघत राहिलो. खांदे ताठ झाले की ती बारांपैकी एका कळेवर आली असं मी समजायचो. मध्येच तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. एक, दोन, तीन, चार, मी मोजत होतो. परीक्षेत चार क्षण म्हणजे किती हे ज्यानं परीक्षा दिलीय त्यालाच कळेल. मग तिचे हात पुन्हा वर आले, आणि त्यानंतर शेवटच्या घंटेपर्यंत ती थांबली नाही. बाहेर पडताना तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

निकाल लागायला दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात मी जितके नवस बोललो तितके लग्न ठरताना बोललो नव्हतो. यादी कचेरीबाहेर लागली तेव्हा मी गर्दीत घुसून बोटानं नावं वाचत गेलो. तिचं नाव खालून तिसरं होतं. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो आणि दोन-चार माणसांदेखत रडलो. कुणीतरी विचारलं, मुलगी का. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. नेमणूक अकोल्याला मिळण्याची शक्यता होती, म्हणून किसनभाऊ तिकडं खोली बघायला गेले होते. मी स्टूल पुढं केलं. मला वाटलं, आता ही सगळं विसरून बोलेल. मी माफी मिळाल्यासारखं तोंडही करून बसलो होतो.

"भाऊ, एक इचारायचं होतं," ती म्हणाली. "माह्यासारख्या मशिनी तुमी अजून किती केल्या?"

"आठ."

"त्याईले सांगतलं?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दीड महिना मी देवाला हात जोडले ते एकाच नावासाठी, आणि ते नाव लागल्यावर माझ्या मनानं हिशेब मिटवूनही टाकला होता.

"त्याईची बोटं बी बोटंच हायेत," एवढं बोलून ती उठली.

त्या आठवड्यात मी दुकान बंद ठेवलं आणि हिंडलो. अकोल्यातल्या पाच जणांनी ऐकून घेतलं आणि हसण्यावारी नेलं. शेठजी म्हणाले, आमाले कुठं परीक्षा द्याची हाये, चालू द्या तुमची पद्धत. चिखलदऱ्याच्या कॉफीच्या मळ्यावरचा कारकून उलट खूश झाला, त्याच्या मशीनवर दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही म्हणून. अमरावतीतल्या एका दस्तलेखकानं मला चार शिव्या घातल्या आणि ठसे बदलून घेतले. सात झाले.

आठवं मशीन पातूरला होतं. नामदेव म्हणून एक तरुण, गावातल्या शाळेत तात्पुरता मास्तर, घरची झेंडूची शेती. मी गेलो तेव्हा तो ओसरीत फुलांच्या ढिगापुढं बसून बाजारासाठी फुलं निवडत होता. मला बघून उठला, पाणी आणलं. मी मशीन कुठं आहे विचारलं.

"इकून टाकलं बाप्पा," तो म्हणाला. "परीक्षेत पडलो ना. तुमी होते की तिथं, खिडकीपाशी. मी तुमाले पाहून हात बी केला, पण तुमचं ध्यान नोतं. मंग मधातच उठून आलो." आणि मला वाईट वाटू नये म्हणून पुढं म्हणाला, "मशीन चांगलं होतं भाऊ. माह्या हाताईतच काई नाई."

चाळीस माणसांच्या त्या हॉलमध्ये मी एकाच पाठीकडं बघत उभा होतो. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत.

मी त्याला सगळं सांगितलं. सहा जोड्या, बारा कळा. त्याचे हात फुलं निवडायचे थांबले. ऐकता ऐकता त्यानं ते मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिला.

"हे आणखी कोणाले सांगतलं होतं, परीक्षेच्या आधी?"

"एका पोरीले. आठ दिवस आधी."

"ते पोट्टी पास झाली?"

"हो."

"अन् मले काहून नाई सांगतलं?"

तिची बोटं सुजलेली मला दिसली आणि तुझी दिसली नाहीत, हे त्याचं उत्तर होतं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना. "तुमी माह्या ध्यानातच नोते," मी म्हटलं. हेही खरंच होतं, आणि ऐकायला जास्तच वाईट होतं. त्यानं पुन्हा फुलं पुढं ओढली आणि निवडू लागला. मी तिथून उठून अकोल्याची बस धरली. पुढं त्यानं पुन्हा परीक्षा दिली की नाही मला माहीत नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं पातूरच्या शाळेची कामं माझ्याकडं येत होती, आणि मी ती दरवेळी काहीतरी कारण सांगून नाकारली.